कोणाची दोरी कोणती

४ फेब्रुवारी, मंगळवार

तारीख काजवालीने घातली. मी म्हणत होते आज सोमवार, ती म्हणते मंगळवार. पेन तिच्या हातात, म्हणून मंगळवार.

काजवाली म्हणजे आमच्या शिलाईच्या दुकानात काज-बटणं करणारी बाई. वीस वर्षं माझ्या शेजारच्या स्टुलावर बसते. सातवीपर्यंत शिकली आहे आणि तिचं अक्षर म्हणे तिच्या काजांसारखंच आहे, एकसारखं आणि घट्ट. म्हणे असं तीच म्हणते, मला वाचता येत नाही तर मी काय सांगू. दुपारी मुलगा आणि सून जेवायला वर घरी जातात, तेव्हा तासभर दुकानात आम्ही दोघीच. त्या तासात मी बोलायचं आणि तिने लिहायचं, असं आजपासून ठरलं.

वही कशाला, तर काल मुलगा म्हणाला, "आई, तुझं सगळं डोक्यात आहे. लिहिलेलं कुठेच काही नाही." म्हटलं बरं, लिहिते. पण त्याला हवं ते नाही, मला हवं ते.

त्याला हव्यात माझ्या दोऱ्या. कापायच्या टेबलाखाली पत्र्याची पेटी आहे, तिच्यात तीनशेच्या वर सुती दोऱ्या आहेत. एक बाई, एक दोरी. लग्न होऊन या दुकानात आले तेव्हा मला टेपवरचे आकडे कळत नव्हते, आजही कळत नाहीत. म्हणून मी दोरीने माप घ्यायला लागले. सगळी मापं एकाच टोकापासून. साधी गाठ खांद्याची, दुहेरी कंबरेची, फासाची छातीची, बाहीला छोटासा वेढा. दुसऱ्या टोकाला त्या बाईच्या पहिल्या कपड्याची चिंधी बांधलेली. नाव नाही, पत्ता नाही. कोणाची दोरी कोणती, ते मला माहीत.

पुरुषांची मापं ह्यांच्या वहीत असायची, नावानिशी, कोणीही उघडून बघावी. बायका पडद्यामागे माझ्याकडे. एकदा ह्यांनी एक दोरी उचलून विचारलं, "ही कोणाची गं?"

मी म्हटलं, "तुमची नाही ना? मग ठेवा खाली."

त्यानंतर शेवटपर्यंत त्या माणसाने पेटीला हात लावला नाही. आता त्यांचा मुलगा लावायला निघालाय.

५ फेब्रुवारी, बुधवार

हसऱ्या आला होता. तो कंपनीचा माणूस. नाव सांगितलं होतं त्याने, पण सारखा हसतो म्हणून आम्ही दोघींनी त्याचं हसऱ्या केलं. त्याची कंपनी मापाचे कपडे फोनवरून विकणार आणि शिवणार आमच्यासारखी दुकानं. पडद्यामागच्या खोलीत त्याने माणसाएवढा आरसा बसवला. बाईने समोर उभं राहायचं, एकदा गोल फिरायचं, झालं माप.

वर त्याला जुनी मापंही हवीत. प्रत्येकीचं नाव, वय आणि फोन नंबर जोडून.

"यंत्राला शिकवायला लागतात, आजी. तुमच्याकडे तर खजिना आहे."

"खजिना आहे म्हणूनच पेटीत आहे."

"आमच्याकडेही सुरक्षित राहील. दुहेरी कुलूप असतं."

"किल्ली कोणाकडे?"

"कंपनीकडे."

"आणि कंपनी कोणाकडे?"

तो हसला, मुलगाही हसला. मी काही विनोद केला नव्हता. मग म्हणाला, सध्या दोघं मालक आहेत, उद्या एखादी मोठी कंपनी विकत घेईल, तसं झालं तर सगळ्यांचंच भलं. म्हणजे पेटी विकली की आतल्या बायकाही गेल्या, आणि कोणाकडे गेल्या ते हसऱ्यालाही माहीत नाही.

सुनेने तिथल्या तिथे त्यांच्या कागदाला फोनवर बोट लावून टाकलं.

"वाचलंस का?"

"आई, ते कोणीच वाचत नाही. चाळीस पानं असतात."

"मला येत नाही म्हणून मी वाचत नाही. तुला येतं आणि तू वाचत नाहीस. मग तुझ्या आईबापांनी तुला शाळेत कशाला घातलं?"

सून चांगली आहे. पण तिच्या फोनचा पासवर्ड तिचा वाढदिवस आहे, आणि वाढदिवसाला दुकानभर पेढे वाटते. (काजवाली म्हणते, माझाही तसाच आहे. म्हटलं लिही. म्हणे लिहिणार नाही. मी म्हटलं, मग कंसात लिही.)

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज मुलगा वर गेल्यावर मी त्या आरशासमोर उभी राहिले. शत्रू कसा आहे ते बघायला नको?

कबूल करते, यंत्र भारी आहे. पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. बायकांच्या अंगाला हात नाही, गार टेप नाही, "जरा श्वास सोडा" नाही. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे, हे त्याने मला सांगितलं. इतकी वर्षं जगाचे खांदे बघितले आणि माझा मला दिसला नव्हता. काजवालीने दोरी लावून बघितली, खरंच दोन बोटं.

क्षणभर वाटलं, आपण म्हातारपणी उगाच हट्ट करतोय का? बरोबर माप घेत असेल तर घेऊ दे की. हेही लिही. खोटं लिहायचं असेल तर वही कशाला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

परवापासून सुनेच्या फोनवर वाकलेल्या पाठीच्या पट्ट्यांच्या जाहिराती दिसतायत. काल बसल्या जागी पाय हलवायचं यंत्र. आज आधाराची काठी, तीन रंगांत. सून म्हणे, "मी तर असलं काही शोधलंच नाही."

मी म्हटलं, "तू नाही गं. मी गोल फिरले होते."

माझं चालेल. माझी पाठ रस्त्यावरच्या कुत्र्यालाही दिसते. पण दोरीत पाठीपेक्षा जास्त असतं. कोणाची कंबर लग्नाआधीच दोन बोटं पुढे गेली, कोण नवऱ्याला न सांगता वाळत चाललीय, कोण आनंदाने भरतेय, हे घरातल्यांच्या आधी शिंपिणीला कळतं. मी चिंधी बघते, गाठ सरकवते आणि हवापाण्याचं बोलते. ती माझी अर्धी शिलाई आहे.

आज एक भानगड झाली. बँकेत काम करणारी बाई कोट न्यायला आली, तर बाह्या मनगटाच्या वर. कोट दुसऱ्याच कोणाच्या मापाचा. काजवालीने मला चुकीची दोरी काढून दिली. (मी दिली नव्हती, असं ती म्हणते. पेटीला तिचा हात लागत नाही, असंही म्हणते. बरं. मग दोरी आपोआप आली.)

मुलगा नुसता पेटीकडे बघत राहिला. त्याला निमित्तच हवं होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मुलगा म्हणाला, चष्म्याचा नंबर बघून येऊ. गेलो. तर डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्यांत बघितलंसुद्धा नाही. समोर बसवलं आणि चौकशा. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कितव्या मजल्यावर आहोत. म्हटलं, दवाखाना तुमचा आणि मजला मला विचारता?

मग म्हणाल्या, मी तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा, थोड्या वेळाने विचारीन. तेव्हाच मी सावध झाले. सून रोज कानीकपाळी ओरडते, "आई, कोणी आकडे विचारले, शब्द विचारले, बँकेतून बोलतो म्हणाले, तरी सांगायचं नाही." त्यामुळे बाईंनी विचारल्यावर मी तोंडाला कुलूप लावलं. त्यांनी दोनदा विचारलं. मुलगा म्हणाला, "आई, सांग ना." मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. पासवर्ड असा पोटच्या पोरासमोरही सांगू नये.

मग कागद दिला, घड्याळ काढा. गोल मी असा काढला की परकाराने काढावा. जन्मभर गळे कापण्याचंच काम केलंय. आकड्यांच्या जागी टिंबं द्यायला सांगितली, तर ती सगळी एका बाजूला गर्दी करून बसली. म्हटलं, असू दे, त्यांची मर्जी.

बाईंनी बरंच काही लिहून घेतलं. ते कुठे ठेवणार, विचारलं. म्हणाल्या, संगणकात. सगळ्यांना सगळं संगणकातच ठेवायचंय, जणू जगातल्या पेट्या संपल्या.

परत येताना मुलाने माझा हात धरून रस्ता ओलांडला. एकही गाडी नव्हती. इतका मोठा झाला तरी रस्त्याला घाबरतो.

चष्मा काही मिळाला नाही. काजवालीने इथपर्यंत लिहिलं आणि विचारलं, "कोणते शब्द होते हो?" मी म्हटलं, तूसुद्धा? मग ती बराच वेळ सुईत दोरा ओवत बसली. तिलाच चष्मा लागलाय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तरीणबाई आल्या होत्या. शाळेत शिकवतात, अकरा वर्षांपासून माझ्याकडेच शिवतात. ती अकरा वर्षं त्यांच्या अस्तरात मी एक गोष्ट शिवून देते. काय ते इथे लिहायचं नाही. काजवालीलाही ठाऊक नाही. ते अस्तर मी माझ्या हाताने घालते आणि माझ्याच हाताने टाके घेते.

दहा दिवसांपूर्वी मी वर झोपले असताना बाई आल्या होत्या. मुलगा म्हणाला, आईची झोपमोड नको, या आरशासमोर उभ्या राहा, लगेच होईल. त्या भिडस्त माणूस. राहिल्या उभ्या.

काल वर्गात त्यांनी त्यांचा फोन मोठ्या पडद्याला जोडला, मुलांना नकाशा दाखवायला. नकाशाच्या आधी जाहिरात आली. कसली, ते मला सांगताना बाई पडद्यामागच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. चाळीस मुलं आणि दाराशी मुख्याध्यापक.

"आजी, तुम्ही कोणाला सांगितलंत का?" एवढंच विचारलं त्यांनी.

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी त्यांना आरशाकडे बोट करून दाखवलं. त्यांना आधी कळेना. मग कळलं, आणि त्या खाली बसल्या, कातरणाच्या ढिगावरच.

सून पडद्याबाहेर उभी होती. तिने सगळं ऐकलं. आत आली, आरशाची वायर ओढून काढली आणि त्याच्यावर इस्त्रीची चादर टाकली. तिथूनच हसऱ्याला फोन लावला, बाईंचं जे असेल ते पुसून टाका म्हणून. तो म्हणाला, अर्ज करावा लागेल, नव्वद दिवस लागतील, आणि ज्यांना आधीच पाठवलंय त्यांच्याकडचं आमच्या हातात नाही. सुनेने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "आई, ती चाळीस पानं मी आज वाचणार आहे."

म्हटलं, वाच. आणि मोठ्याने वाच, म्हणजे मीही ऐकते.

१ मार्च, शनिवार

सुनेची पानं चौथ्या दिवशी संपली. बाविसाव्या पानावर आहे ते. माप "भागीदारांना" देता येईल. भागीदार कोण, ते कुठल्याच पानावर नाही. वर असंही आहे की दुकानाने जुनी मापं द्यायचं कबूल केलंय. गुरुवारी हसऱ्या माणसं घेऊन येणार, दोऱ्यांचे फोटो काढणार, आणि मी शेजारी बसून एकेकीचं नाव सांगायचं.

मुलाशी कडाक्याचं भांडण झालं.

"मास्तरीणबाईंचं झालं ते वाईट झालं, मला कळतं. आरसा मी परत करतो. पण दोऱ्या, आई! दोऱ्यांचं काय?"

"दोऱ्या माझ्या नाहीत, तुझ्याही नाहीत. ज्यांच्या अंगाच्या, त्यांच्या."

"त्या कोणाच्या आहेत हे फक्त तुला माहीत आहे."

"म्हणूनच सुरक्षित आहेत."

"आणि उद्या तुला..." असं म्हणून तो थांबला.

"बोल की. उद्या मी मेले तर, असंच ना? मेल्यावर मला कोणी विचारायला येणार नाही. तेवढीच शांतता."

"मरायचं नाही म्हणत मी," तो म्हणाला. मग कितीतरी वेळ चष्मा पुसत बसला. चष्मा पुसून पुसून त्याने मला दया येईल असं तोंड केलं, पण मी फसले नाही. कंपनीचं काम हातचं जाईल याचं दुःख. बाप असता तर त्याने पोराचे कान उपटले असते.

३ मार्च, सोमवार

ठरवलं. दोऱ्या वाटून टाकायच्या. जिची तिला.

फोनवर कळवायचं नाही. काजवाली सकाळपासून दारोदार फिरली, "आजीने बोलावलंय, दुपारी एक ते दोन, माप न्यायला," एवढाच निरोप. सुनेने रिकामी लाकडी खोकी मांडून बायकांना बसायला जागा केली आणि मुलाला शहराच्या दुसऱ्या टोकाला अस्तर आणायला पाठवलं. अस्तर दुकानात भरपूर आहे. तरी मुलगा पिशवी घेऊन निघाला.

पहिल्या दिवशी अठरा-वीस आल्या. मी पेटी उघडली, हातात दोरी घेतली आणि...

ऐक काजवाली, हे लिही. मला सगळ्या आठवल्या नाहीत. काही दोऱ्या हातात घेतल्या की बाई समोर उभी राहते, तिचं हसणं, तिचे रुसवे, सगळं. काही दोऱ्या नुसत्या दोऱ्या झाल्यात. गाठी वाचता येतात, उंच आहे, खांदे रुंद आहेत, पण तोंड दिसत नाही. कधीपासून ते माहीत नाही. थंडीत हात बधिर होतात तसं असेल. होईल बरं.

पण मजा बघ. मी गोंधळले तेव्हा औषधाच्या दुकानातली बाई पुढे वाकून म्हणाली, "आजी, ती निळी चिंधी माझी. माझ्या पहिल्या नोकरीचा झगा." मग सगळ्यांनीच पेटीत हात घातले. "हा माझा साखरपुड्याचा." "ही माझी, तुम्ही बाही उलटी जोडली होतीत, आठवतं?" खोटं आहे, मी बाही कधी उलटी जोडली नाही. (जोडली होती, असं काजवाली म्हणते. तिचं कोण ऐकतं.) इतकी वर्षं मला वाटायचं चिंध्या फक्त मीच ओळखते. प्रत्येकीला आपापली चिंधी पाठ.

५ मार्च, बुधवार

आज गर्दी रस्त्यापर्यंत गेली. ज्या आता नाहीत त्यांच्या लेकी आल्या. एका लेकीने आईची दोरी स्वतःच्या खांद्याला लावून बघितली. गाठ बरोबर तिच्या खांद्याच्या टोकाला आली. तिने दोरी पदर... नाही, काजवाली, खोड ते, साडी नव्हती तिच्या अंगावर, कोट होता. कोटाच्या आतल्या खिशात ठेवली म्हणून लिही.

मी प्रत्येकीला गाठी वाचायला शिकवल्या. साधी खांदा, दुहेरी कंबर, फासाची छाती. अंग बदललं तर स्वतः गाठ सोडायची, स्वतः मारायची. कपडा शिवायचा झाला की दोरी घेऊन यायचं, कापून झालं की दोरी घेऊन जायचं. दुकानात मुक्काम नाही. ज्या दोऱ्या न्यायला कोणीच आलं नाही, त्यांच्या गाठी मी सोडून टाकल्या. शिकल्यासवरल्या बायका, संगणकावर काम करणाऱ्या, माझ्याकडून गाठी शिकत होत्या आणि चुकत होत्या. मी ओरडत होते. फार बरं वाटलं.

मास्तरीणबाई सगळ्यांच्या शेवटी आल्या. त्यांची दोरी मला लगेच ओळखता आली. त्यांनी ती मुठीत धरली आणि म्हणाल्या, "उद्या तो माणूस येणार आहे ना? मीही येते." नको म्हटलं तरी ऐकल्या नाहीत. भिडस्त बाई, पण उठल्या तेव्हा वर्गात शिरल्यासारख्या उठल्या.

६ मार्च, गुरुवार

हसऱ्या आला, दोन माणसं आणि कॅमेरा घेऊन. मास्तरीणबाई आधीच खोक्यावर बसल्या होत्या. मी स्वतः पेटी टेबलाखालून ओढली आणि झाकण उघडून दिलं.

"आजी, ही तर रिकामी आहे."

"सुरक्षित आहे."

पहिल्यांदाच हसला नाही. कराराचं बोलला, बाविसाव्या पानाचं बोलला. तेव्हा सून म्हणाली, "एकतिसावं पान वाचलंत का? माहिती दुकानाच्या ताब्यात असेल तर द्यायची, असं आहे. दुकानाच्या ताब्यात काही नाही." सूनबाईंनी ते पानच पाठ केलं होतं. मास्तरीणबाई म्हणाल्या, "आणि माझा अर्ज लेखी आणलाय. नव्वद दिवस मी मोजणार आहे. रोज फोन करून मोजणार आहे." त्याला अर्ज घ्यावा लागला, पोचही द्यावी लागली.

मग तो माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. गोड आवाज काढला. "बरं, दोऱ्या राहू द्या आजी. नुसती नावं सांगा. कोण कोण शिवायचं तुमच्याकडे, कोणाचं काय माप होतं. चाळीस वर्षांचं तुमच्या डोक्यात आहे. आठवेल तेवढं सांगा."

"नाही सांगणार."

"का पण? आठवत नाही का?"

मी काही बोलायच्या आत मुलगा मध्ये आला. हसऱ्याच्या आणि माझ्या मध्ये, अगदी आडवा. "ती नाही म्हणाली ना? मग नाही. तुमचा आरसा उचला." आवाज त्याचा फाटला होता. चादरीसकट आरसा त्याने स्वतः गाडीपर्यंत नेऊन दिला. चादर परत आणली नाही. नवी घ्यावी लागेल.

ते गेल्यावर मुलगा माझ्या शेजारी काजवालीच्या स्टुलावर बसला. हळूच म्हणाला, "आई, खरंच आठवत नाही का?"

मी म्हटलं, "आरसा लावून विचारतोयस का?"

तो हसला. मग डोळे पुसले. मी त्याची पाठ थोपटली. खांदे अगदी बापासारखे आहेत, डावा जरा खाली.

आता काजवाली विचारते, "मुलाला सांगितलं नाहीत ते सांगितलं नाहीत, पण वहीत तरी खरं काय ते लिहू का?"

लिही. कोणाची दोरी कोणती ते मी कोणालाही सांगणार नाही. कंपनीला नाही, मुलाला नाही, डॉक्टरीणबाईंना नाही. आणि त्यातलं मला किती आठवतंय आणि किती नाही, तेही माझं आहे. तेही सांगणार नाही. तुलासुद्धा नाही.

झालं लिहून? मग वाचून दाखव.